कोपऱ्यातल्या मशीनवरचं शून्य

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी पास होते आणि माझी मैत्रीण नापास होती. हे लिहायला अजूनही लाज वाटते, कारण आमच्या खोलीत डोकं तिला होतं आणि तोंड मला. सी प्रोग्रॅमिंगचे निम्मे धडे मी तिच्याकडून शिकले. ती रात्रीच्या जेवणाआधी भाकरी थापता थापता मला पॉइंटर समजावायची आणि मी वर तिलाच विचारायचे, असं का, तसं का न्हाई. तरी प्रॅक्टिकलला मला सत्तर टक्के आणि तिला शून्य.

खोलीतल्या आम्ही चौघी एकमेकींना नावानं कमी आणि गावानं जास्त हाक मारायचो. मी अहमदपूरची, ती चाकूरची. चाकूरला तिच्या वडलांचं किराणा दुकान होतं. आप्पा म्हणायची ती त्यांना. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पांढरा सदरा, आणि समोर गिऱ्हाईक असो नसो, हातात पेपर. दर जानेवारीत पेपरात यायचं की उदगीर जिल्हा होणार, आणि दर जानेवारीत आप्पा ते खरं मानायचे. नवीन जिल्हा म्हटल्यावर नवीन हापिसं येणार, हापिसात कॉम्प्युटर येणार, आणि त्याच्यापुढं बसायला शिकलेलं माणूस लागणार, असा त्यांचा हिशेब. म्हणून तर पोरीला लातूरला ठेवलेलं.

शून्य आल्यावर ते रागावले नाहीत, हेच वाईट झालं. नुसतं म्हणाले, आणखी एकदा बस, न्हाई जमलं तर घरी ये, दुकानात बस, पाहुण्यांनाही बोलवता येईल. झालं. बाकी सगळे विषय सुटलेले, एक सीचं प्रॅक्टिकल तेवढं अडलेलं, आणि ही शेवटची खेप. त्यावरही तिनं काही केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. पण बाईनं पुस्तकाला सहा महिने हात लावला नाही. विचारलं की म्हणायची, मला ते जमत न्हाई गं, सोड. अक्षरशः डोकं फिरायचं माझं. जिला जमत होतं तिनं असं बोलायचं म्हणजे काय?

उन्हाळ्यात लातूरची होस्टेलं रिकामी झाली. पोरापोरींना पाणी कुठून द्यायचं, म्हणून सगळ्यांना गावी पाठवलं. राहिलेल्या विषयांची प्रॅक्टिकलं नांदेडच्या एका कॉलेजात घ्यायची ठरलं. नांदेडला माझी मावशी. मावसभाऊ नोकरीला पुण्याला, त्याचा जुना कॉम्प्युटर चादरीखाली झाकून ठेवलेला, आणि त्याच्यात आमच्या लॅबमध्ये होतं तेच लिनक्स. मी चाकूरला फोन लावला आणि तिला सांगितलं की चार दिवस आधी निघायचं, मी पण येते. तुझं काय काम, म्हणाली. माझं काही काम नव्हतं. पण एक प्रश्न मला सहा महिने गप्प बसू देत नव्हता. हिचा प्रोग्रॅम बरोबर होता, मी स्वतः वाचला होता, मग चालला का नाही? मला प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत मी धड जेवत नाही आणि समोरच्यालाही जेवू देत नाही. आमचे सर मला चौकशी खिडकी म्हणायचे, ते काही उगाच नाही.

चाकूरला ती एसटीत बसली, अहमदपूरला मी चढले. गाडीत जिल्ह्याचंच भांडण चालू होतं. एक उदगीरकडचे आजोबा म्हणत होते, यंदा नक्की. आमच्या अहमदपूरचा एकजण म्हणत होता, जिल्हा होईल तर अहमदपूर होईल, न्हाईतर कुणीच नको. मी मध्ये तोंड घातलंच, की प्यायला पाणी न्हाई आणि जिल्हा कशाला पाहिजे, टँकरवर पाटी लावायला? दोघंही मिळून माझ्यावर घसरले. चाकूरची खिडकीबाहेर बघत बसली होती. एरवी हसली असती.

मावशीनं पोचल्या पोचल्या अर्धापूरच्या केळीची फणी पुढ्यात ठेवली आणि कॉम्प्युटरवरची चादर काढली. मी म्हटलं, चल, गेल्या वेळचाच प्रोग्रॅम लिही. वर्गसमीकरणाची मुळं काढायचा. तिनं नको नको म्हणत लिहिला, आणि काय सांगू, सहा महिन्यांत एक अक्षर विसरली नव्हती. मी सवयीनं खाली टाइप केलं, बनव, आणि पुढं फाइलचं नाव.

आमच्या लॅबची ही रीत होती. प्रोग्रॅम लिहायचा, मग इंग्रजी अक्षरांत बनव असं टाइप करायचं, की प्रोग्रॅम तयार. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं आणि आम्ही वहीत उतरवून घेतलं होतं. मावशीच्या घरच्या मशीननं उत्तर दिलं की अशी कमांड सापडली नाही.

मी दोनदा टाइप केलं. तिसऱ्यांदा करताना मला स्वतःचीच कीव आली. अरे देवा, बनव! अख्ख्या इंग्रजी कमांडांत एकच मराठी शब्द, आणि तीन वर्षांत आम्हा साठ पोरापोरींतल्या एकालाही तो खटकला नाही. मी, जी एसटी कंडक्टरला पण तिकिटाच्या भोकांचा अर्थ विचारते, ती मी, बनव हा सी भाषेचाच शब्द समजून चालले होते. मी एवढी हसले की मावशी स्वयंपाकघरातून बघायला आली. चाकूरची हसली नाही. ती स्क्रीनकडं बघत म्हणाली, “परीक्षेत बी असंच आलं होतं.”

मला कळेना. मग तिनं सांगितलं, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा सांगितलं. परीक्षेच्या दिवशी तिच्या मशीनवर बनव चाललं नव्हतं. तिला वाटलं मशीन बिघडलं. सर दुसऱ्या टोकाला होते. मग तिनं पुस्तकात असतं तसं केलं, जीसीसी, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारी कमांड, लिहिली आणि फाइलचं नाव. त्यावर एकच ओळ आली, अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी. म्हणजे वर्गमूळ काढायला सांगितलंय खरं, पण ते काढणाऱ्याचा पत्ताच सापडत नाही. सर आले, बघितलं, टायपिंगची चूक आहे म्हणाले, शोध. तिनं तासभर शोधली. नसलेली चूक तासभर शोधत बसली पोर.

आता माझा जीव थाऱ्यावर राहीना. आम्ही मावशीकडं जीसीसीनंच बनवलं. तीच ओळ. शब्द न शब्द तीच. ती उठून उभी राहिली, मी तिचा हात धरून परत बसवलं. म्हटलं, पळू नको, आता तर सापडलंय. खोडून खोडून बघू लागलो. इथं एक अशी गंमत झाली की मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वर्गमूळाच्या कंसात सरळ सोळा आकडा लिहिला तर प्रोग्रॅम तयार होतो आणि चार उत्तर देतो. तोच सोळा चालवणाऱ्याकडून विचारून घेतला तर तयारच होत नाही. आकडा तोच, सूत्र तेच. मी म्हटलं, मशीन आपली मस्करी करून राहिलंय. चाकूरची मात्र पहिल्यांदा पुढं सरकून बसली. तिनं वही मागितली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं, ही तिची जुनी पद्धत. ती पद्धत बघून मला इतकं बरं वाटलं की मी गपचूप दोन केळी सोलून तिच्यापुढं ठेवली.

सोळाचा उलगडा तिनंच केला. कंसात ठरलेला आकडा असला तर त्याचं उत्तर भाषांतर करतानाच काढून ठेवलं जातं, कुणाला बोलवायची गरजच पडत नाही. आकडा नंतर येणार असला तर मात्र वर्गमूळ काढणारा हजर लागतो, आणि तो हजर नाही. पण वर मॅथ डॉट एच लिहिलं होतं की आम्ही! लिहिलं होतं, पण त्यानं फक्त एवढंच कळतं की वर्गमूळ नावाचं काम असतं आणि ते कसं सांगायचं. काम करणारा कोड वेगळ्या फाइलीत असतो, तिला लायब्ररी म्हणतात, आणि ती शेवटी आपल्या प्रोग्रॅमला जोडावी लागते. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मोबाइलवर नेट रांगत रांगत यायचं, त्यात अर्ध्या तासानं एक पान उघडलं. त्यात एवढंच होतं, रेघ एल एम जोडा, म्हणजे गणिताची लायब्ररी.

मी लगेच जोडलं. फोडणीत मोहरी आधी पडते तसं आधीच टाकलं, जीसीसीच्या मागोमाग, फाइलच्या नावाच्या अगोदर. तीच ओळ आली. अनडिफाइन्ड रेफरन्स. मी कीबोर्डवर अशी थाप मारली की मावशीनं आतून विचारलं काय फुटलं. चाकूरची वही मिटून म्हणाली, बघ, मला जमत न्हाई ते जमत न्हाई. मी चिडले. म्हटलं, तू गप बस, लॅबच्या बनवमध्ये कुणी काय लिहून ठेवलंय ते आधी बघू, मग रड.

लॅबच्या चाव्या असायच्या मामांकडं. मामा म्हणजे लॅबचे शिपाई, वीस वर्षं तिथंच. कॉलेज बंद असलं तरी ते रोज जाऊन कुलपं बघायचे. मी फोन लावला. ते लॅबच्या दारातच होते. चाकूरचीनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांना एक एक अक्षर सांगून मशीन सुरू करायला लावलं, ती बनव नावाची फाइल उघडायला लावली. मामांचं इंग्रजी वाचन म्हणजे ठेच लागत चालणं. पण अक्षरं ओळखत होते. पहिली तीन अक्षरं सांगितली, जी, सी, सी, आणि मध्येच म्हणाले, थांब पोरी, टँकर आला. फोन टेबलावर तसाच. आम्हाला इकडं त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. “आधी भांडी लावा रे! भांडी न्हाई दिसली तर तो थांबत न्हाई, जातो पुढं!”

पंधरा मिनिटं आम्ही दोघी फोन मध्ये ठेवून बसलो होतो. मामा धापा टाकत परत आले आणि उरलेलं वाचलं. डॉलर, एक. मग रेघ, एल, एम.

चाकूरचीनं लिहून घेतलं आणि त्या ओळीकडं बघत राहिली. डॉलर एक म्हणजे आपल्या फाइलीची जागा. आधी फाइल, मग लायब्ररी. ती सावकाश म्हणाली, “हे डावीकडून वाचत जातं. लायब्ररी आधी आली तेव्हा कुणी काही मागितलेलंच न्हाई. म्हणून ती पुढं गेली. भांडी मागनं आली.” आणि मग ती हसली. सहा महिन्यांनी. लातूरच्या गल्लीत पहाटे घागरी ओळीनं लावायला आम्ही दोघी आळीपाळीनं उठायचो, आम्हाला हे आणखी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं रेघ एल एम शेवटी टाकलं. प्रोग्रॅम तयार झाला. मुळं आली, दोन आणि तीन.

मी नाचायच्या बेतात होते. फोन अजून चालूच होता. तिनं मामांना विचारलं, सगळ्या मशीनवर हाय का हे बनव? मामा म्हणाले, जुन्या एका सरांनी करून ठेवलं होतं, सगळ्यावर हाय, एक ते कोपऱ्यातलं सोडून. ते दिवाळीत बिघडलं म्हणून नव्यानं भरलं, त्याच्यात घालायचं राहिलं.

फोन ठेवल्यावर मी काही बोलू शकले नाही. माझ्यासारखीला हे किती अवघड ते ओळखणारे ओळखतील. परीक्षेच्या दिवशी कोपऱ्यातल्या मशीनवर माझा नंबर होता. तिथं खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येतं म्हणून मी कुरकुर केली होती, आणि ती काही न बोलता उठून तिथं जाऊन बसली होती. सरांनीही हरकत घेतली नव्हती. मी तिच्या जागेवर बसून बनव टाइप केलं आणि सत्तर टक्के घेऊन बाहेर आले. ते शून्य माझं होतं. मी तिथं असते तर जीसीसी सुद्धा सुचलं नसतं मला, अर्ध्या तासात रडून उठले असते. मी हे सगळं तिला सांगितलं. शब्द कसे निघाले कोण जाणे, पण सांगितलं, आणि म्हटलं, मला माफ कर. ती केळाचं साल दुमडत बसली होती. म्हणाली, “मला सकाळीच कळलं ते. तू बनव टाइप केलं अन् चाललं न्हाई, तवाच.” आणि दिवसभर त्याबद्दल बोलली नव्हती. मला त्या वेळी तिचा रागही आला आणि तिच्या पायाही पडावंसं वाटलं.

उरलेले तीन दिवस ती लायब्ररी जोडायचेच प्रयोग करत राहिली. मला समजेना, की सुटलं ना आता. पण ती स्वतःची छोटी लायब्ररी बनवून बघत होती, तिला दोन फाइली जोडून बघत होती, क्रम उलटा करून मुद्दाम चूक आणून बघत होती. चूक आली की ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलवायची. मावशी मला विचारायची, ही पोरगी नापास कशी झाली गं? मी काय सांगणार.

परीक्षेला आमचे सर सोबत आले होते, घरचे परीक्षक म्हणून. मूळचे गणिताचे, कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात कॉलेजनं बांधलेला. माणूस वाईट नव्हता. बाहेरच्या परीक्षक एक मॅडम होत्या. मी व्हरांड्यात खिडकीच्या गजाला चिकटून उभी. तिथल्या शिपायानं मला दोनदा हुसकलं, मी दोनदा परत आले. प्रश्नांच्या चिठ्ठ्या उचलायची वेळ आली तेव्हा मी मनात म्हणत होते, देवा, सोपी बेरीज-वजाबाकी येऊ दे. नंतर तिनं मला सांगितलं, ती वर्गमूळ येऊ दे म्हणत होती. आणि आलंही तेच. त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ. तिनं वीस मिनिटांत लिहिलं, बनवलं, चालवलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मॅडम आल्या. कमांडकडं बघून म्हणाल्या, हे शेवटी का लिहिलं? चाकूरचीनं सांगितलं, टँकर वगळून, पुस्तकी शब्दांत, आणि फार छान सांगितलं. मॅडम कागद चाळत म्हणाल्या, मग गेल्या वेळी शून्य कसं? सर तिच्या खुर्चीमागंच उभे होते. मी गज घट्ट धरला. आता ही टायपिंगची चूक म्हणणार, मला खात्री होती. माणसाचा मान राखायची सवय तिला, दुकानात वाढलेली.

ती म्हणाली, “लायब्ररी जोडली नव्हती मॅडम. जोडावी लागते, हे मला ठाऊक नव्हतं.”

“शिकवलं नव्हतं?”

सरांनी चष्मा काढला, खिशातल्या रुमालानं पुसला, परत घातला. मला वाटलं आता हे तिच्यावर उलटणार. ते म्हणाले, “मलाच ठाऊक नव्हतं मॅडम. आत्ता हिच्या तोंडून कळलं. शून्य मी दिलं होतं.”

मॅडमनी दोघांकडं बघितलं आणि कागदावर लिहिलं. सर तिथंच वाकले आणि तिला म्हणाले, ते क्रमाचं मला परत एकदा सांग. तिनं सांगितलं. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी बाहेर उभी राहून रडत होते आणि तो शिपाई तिसऱ्यांदा आला तो मला पाणी देऊन गेला.

ती बाहेर आली, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि चाकूरला लावला. मी शेजारीच होते, तिकडचं सगळं ऐकू येत होतं. दुकानात गिऱ्हाईक असावं, आप्पा कुणालातरी थांबा म्हणाले आणि मग, बोल बाळा.

“आप्पा,” ती म्हणाली, “माझं चुकलं नव्हतं.”

ती पुढं काही सांगेल म्हणून मी थांबले, पण तिनं फोन तसाच बंद करून माझ्या हातात दिला. पाच मिनिटांनी आप्पांचा परत फोन आला. या वेळी मी उचलला. ते बिचकत बिचकत विचारत होते, पोरगी पास झाली का गं?